हुकूमनामा आणि वसुली
(मांडवी, रत्नागिरी येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले जाते, त्यांच्या गुणवर्णनात आजचा वेळ खर्च करू नये असे मला वाटते. कारण त्यांना निकट ओळखणारी माणसे या सभेत माझ्याहून पुष्कळ अधिक आहेत, आणि खुद्द त्यांना स्वतःच्या स्तुतीपेक्षा एखाद्या अडलेल्या प्रश्नाचा छडा लावणे अधिक प्रिय होते. जमीनजुमल्याचे, कुळवहिवाटीचे आणि आंब्याच्या कलमांवरील हक्काचे दावे हा रत्नागिरीच्या वकिलीचा परंपरागत व्यवसाय. परंतु त्यांच्या उत्तरायुष्यात त्या दप्तरांच्या जोडीला एका नव्या जातीची दप्तरे येऊन बसू लागली, ती मोटार अपघातांच्या दाव्यांची. त्या दाव्यांतील एकच गाठ आज मी आपल्यापुढे सोडवावयास घेतो. ज्याच्या गाडीने माणूस मारला किंवा जायबंदी केला त्याच्याजवळ विम्याचा कागदच नाही, अथवा कागद आहे पण तो नेमका या जखमी माणसाला लागू पडत नाही, तर त्या माणसाने, किंवा त्याच्या मागे राहिलेल्यांनी, दाद कोणाकडे मागावी?

हा विषय मांडवीच्या किनाऱ्यावर काढण्यात थोडे औचित्य आहे. आगबोट खोल पाण्यात उभी राहावी, उतारूंनी पडावातून किनाऱ्याला लागावे आणि पावसाळ्यात ती वाहतूकही बंद पडावी, असा काळ पाहिलेली माणसे आपल्यात आता थोडीच उरली असतील. पण दर्यावर्दी व्यवहाराची एक रीत त्या काळी व्यापाऱ्यास ठाऊक होती, ती अशी की जोखीम कोणाच्या शिरी याचा निकाल माल गलबतावर चढण्यापूर्वी लागलेला असे. पुढे आगबोटी बंद झाल्या, माणसे आणि माल दोन्ही हातखंब्याच्या नाक्यावरून महामार्गाला लागली, आणि जोखीमही समुद्रावरून रस्त्यावर आली. मात्र तिचा निकाल माणूस रस्त्यावर पडल्यानंतर, आणि पुष्कळदा कैक वर्षांनंतर, लागू लागला.

कायद्याने याचा विचार केला नव्हता असे नाही. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील आठवे प्रकरण, ज्यात त्रयस्थाच्या इजेबद्दलचा विमा गाडीमालकावर सक्तीचा करण्यात आला, ते १ जुलै १९४६ पासून अमलात आले. त्यामागील तत्त्व १९३० च्या इंग्लिश रस्ते वाहतूक कायद्यातून घेतलेले होते आणि ते मोठ्या शहाणपणाचे होते. विम्याचा करार मालक आणि कंपनी या दोघांतला; रस्त्याने चालणारा तिसरा माणूस त्या कराराचा पक्षकार नव्हे; तथापि कायद्याने असे ठरविले की मालकाविरुद्ध झालेला निवाडा कंपनीने परस्पर त्या तिसऱ्या माणसाला फेडावा. ज्याच्याशी आपली ओळखदेख नाही अशा माणसाच्या तिजोरीवर आपला हक्क निर्माण व्हावा, ही घटना चमत्कारिकच म्हणावयाची.

परंतु या व्यवस्थेत एक भगदाड होते, आणि ते इंग्लंडात लवकरच उघडकीस आले. गाडीमालकाने विमा उतरविलाच नाही तर कायदा त्याला दंड करील, पण दंड सरकारजमा होणार. जखमी माणसाच्या हाती काय? १९३७ मध्ये कॅसल समितीने या प्रश्नाकडे बोट दाखविले, आणि युद्ध संपल्यावर सर्व विमा कंपन्यांनी सरकारशी करार करून मोटार विमाकर्त्यांचे एक सामाईक मंडळ स्थापन केले. त्याचा अर्थ इतकाच की सक्तीच्या विम्याखाली येणाऱ्या अपघाताचा निवाडा सात दिवसांत फेडला गेला नाही, तर तो या मंडळाने फेडावा आणि नंतर वाटेल त्याच्या मागे लागावे. हा करार ज्या अपघातांना लागू झाला ते अपघात १ जुलै १९४६ रोजी वा त्यानंतर घडलेले. तारीख पुन्हा ऐका. ज्या दिवशी हिंदुस्थानात सक्तीचा विमा सुरू झाला, त्याच दिवशी इंग्लंडात त्या सक्तीचे भगदाड बुजविले गेले. आपण सक्ती उचलली आणि भगदाडही उचलले. बुजविण्याचे साहित्य मात्र तेथेच राहू दिले.

इतकेच असते तर पारतंत्र्याच्या माथी दोष मारून मोकळे होता आले असते. पण १ जानेवारी १९७३ रोजी आपल्या येथील १०७ सर्वसाधारण विमा कंपन्या एकवटून चार सरकारी कंपन्या झाल्या. सगळा व्यवसाय एकाच मालकाच्या हाती आला. असे सामाईक मंडळ काढावयास त्याहून सुलभ मुहूर्त कोणता? तो मुहूर्त आपण दवडला, आणि पुढे खाजगी कंपन्यांना पुन्हा दार उघडल्यावर तेच काम दुप्पट अवघड झाले.

आता हा अभाव प्रत्यक्षात किती जाचतो ते एका काल्पनिक दाव्याच्या हिशेबावरून दाखवितो. अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण, महिन्यास पंधरा हजार मिळविणारा स्वतंत्र कारागीर, मागे पत्नी, मूल आणि आई. वर्षाचे उत्पन्न १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रणय सेठी यांच्या खटल्यात घालून दिलेल्या नियमाप्रमाणे चाळिशीच्या आतील अशा माणसाच्या भावी उत्कर्षापोटी शेकडा चाळीस मिळवावयाचे, म्हणजे २,५२,०००. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा जाता १,६८,०००. आणि सरला वर्मा यांच्या २००९ च्या निवाड्यातील कोष्टकाप्रमाणे त्या वयाचा गुणक सतरा, म्हणजे २८,५६,०००. त्यात अंत्यविधीची, सहवास अंतरल्याची व अन्य ठराविक रक्कम मिळविली की आकडा तीस लाखांच्या घरात जातो. हा काही खैरातीचा आकडा नव्हे. एका कष्टाळू माणसाच्या उरलेल्या आयुष्याची ती कोरडी बेरीज आहे. आणि ज्या दुचाकीने त्याला उडविले तिचा त्रयस्थाचा विमा, १ जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे, ७५ ते १५० सीसीच्या गाडीस वर्षाला ७१४ रुपये.

हे ७१४ रुपये न भरणाऱ्यांची संख्या थोडी नाही. विमा माहिती ब्युरोच्या आकडेवारीप्रमाणे देशातील निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना आहेत, आणि त्यांत मोठा भरणा दुचाकींचा. या आकड्याविषयी थोडा सावधपणा मी बाळगतो, कारण मोडीत निघालेल्या गाड्याही नोंदणीपुस्तकात वर्षानुवर्षे जिवंत राहतात. तरीही आपल्या आळीतल्या गाड्यांचे कागद एकदा तपासून पाहिले तर कोणासही आश्चर्य वाटू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी विकताना पाच वर्षांचा व नवी मोटार विकताना तीन वर्षांचा त्रयस्थ विमा एकदम द्यावा लागतो, हे चांगले झाले. पण पाच वर्षे सरली, कर्जाचे हप्ते फिटले, विक्रेत्याचा संबंध संपला, की सहाव्या वर्षी गाडीला विचारणारे कोणी उरत नाही. पहिल्या अपराधाला दोन हजार रुपयांचा दंड वा तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगितली आहे. दंड विम्याच्या हप्त्याहून जबर खरा. पण तो पकडला गेल्यास, आणि पकडला जाण्याची धास्ती आपल्या आडरस्त्यांवर कोणास वाटते?

मग विधवेच्या हाती तीस लाखांचा निवाडा पडतो, मालकाविरुद्ध. रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात बसणारे मोटार अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण आपले काम चोख करते; निवाड्यात खोट नसते. खोट वसुलीत असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १७४ सांगते की न्यायाधिकरणाने जिल्हाधिकाऱ्यांना दाखला पाठवावा आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल व्हावी. घाटावर, जेथे सातबाऱ्यावर एका शेतकऱ्याचे नाव आणि त्याच्यापुढे एकरांचा आकडा असतो, तेथे या कलमाला काही दात असतील. कोकणात ते दात कशावर रोवावयाचे? येथला सातबारा म्हणजे पणजोबांपासूनच्या वारसांची नामावळी. त्यांतले काही मृत, काही मुंबईत, एखादा बडोद्यात, वाटणी कधीच न झालेली, आणि गाडीमालकाचा हिस्सा आणेपैच्या अपूर्णांकात. त्या हिश्श्यावर बोजा चढवता येतो, पण त्याचा लिलाव पुकारला तर बोली कोण लावणार? भावकीतला माणूस लावणार नाही आणि परका माणूस दुसऱ्याच्या भावकीत पाय घालणार नाही. शेतकऱ्याचे राहते घर आणि कारागिराची हत्यारे तर दिवाणी कायद्याने जप्तीतून वगळलेलीच आहेत, आणि तसे वगळणे न्यायाचेही आहे. कारण त्या घरातही बायकामुले राहतात. मालक नादार, जमीन सामाईक, घर जप्तीबाहेर: तीस लाखांचा हुकूमनामा हा विधवेच्या पेटीतला एक प्रतिष्ठित कागद होऊन राहतो.

सर्वोच्च न्यायालयाने या अडचणीतून एक वाट काढली. विमा नसलेली गाडी अपघातात सापडली तर मालकाने पुरेसे तारण दिल्याविना ती सोडू नये, आणि तीन महिन्यांत तारण न दिल्यास तिचा लिलाव करून रक्कम न्यायाधिकरणात भरावी, हा मूळचा दिल्लीचा नियम. तो सर्व राज्यांनी करावा असा आदेश २०१८ मध्ये उषा देवी यांच्या खटल्यात झाला. ट्रक असेल तर या मार्गाने काही लाख हाती लागतात, हे मी मान्य करतो. पण सहा वर्षांची, पुढचे चाक वाकलेली, पोलीस ठाण्याच्या आवारात एक पावसाळा काढलेली दुचाकी लिलावात काय आणणार? तारण म्हणून तिची उपयुक्तता आहे, ती मालकाला कचेरीत आणण्यापुरती.

येथे एक पोटविषय ओघाने आला म्हणून सांगतो, कारण आपल्याकडील भल्या माणसांना तो विनाकारण छळतो. गाडी पुतण्याला दिली, शेजाऱ्याला विकली, पैसे घेतले, साध्या कागदावर सह्या झाल्या, आणि आरसी बुकावर मात्र नाव जुनेच राहिले. पुढे अपघात झाला की कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचे नाव नोंदणीत आहे. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. विकलेल्या गाडीचा विमा आहे की नाही हे ज्याने कधी पाहिलेही नाही अशा पेन्शनर गृहस्थाच्या दारापर्यंत हा तगादा पोहोचतो.

अपुऱ्या विम्याचा प्रश्न याहून सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य देशांत अपुरा विमा म्हणजे मुख्यतः रकमेचा तोकडेपणा. आपल्याकडेही १९३९ च्या कायद्याखाली तो होता. मालवाहू गाडीच्या विम्याची कायदेशीर मर्यादा १९८२ च्या दुरुस्तीनंतरसुद्धा दीड लाख रुपयेच होती, आणि निवाडा त्यापलीकडे गेला की उरलेल्याची वसुली मालकाकडून. १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि मृत्यू व शारीरिक इजा यांबाबत ती मर्यादा गेली. तेव्हा आजचा आपला अपुरेपणा आकड्याचा नसून माणसांचा आहे: कागद आहे, पण तुम्ही त्यात नाही.

स्कूटरवर मागे बसलेली बायको घ्या. नुसता कायद्यापुरता, ज्याला बाजारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात तो, विमा असेल तर मागे बसलेली व्यक्ती त्यात येत नाही, असे २००६ मध्ये तिलक सिंह यांच्या खटल्यात ठरले. ‘फुल’ विमा असेल तर ती येते, असे पुढील निवाड्यांतून स्पष्ट झाले. या दोन कागदांतला फरक कोणत्या एजंटाने कोणत्या बाईला सांगितला आहे? दुसरे उदाहरण आपल्या मिरकरवाड्याच्या बंदराचे. पहाटे मासळीचा लिलाव होतो, टोपल्या टेम्पोत चढतात आणि त्यांच्याबरोबर माणसेही चढतात. १९९४ च्या दुरुस्तीप्रमाणे मालवाहू गाडीतून आपल्या मालाबरोबर जाणारा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी विम्याच्या छत्राखाली येतो. आणि २००२ च्या आशा राणी यांच्या निवाड्याप्रमाणे त्या टेम्पोत फुकट बसलेला अन्य उतारू येत नाही. म्हणजे टेम्पो उलटला तर जिच्या टोपल्या आत आहेत ती मासळीवाली दावा जिंकते, आणि तिच्याच शेजारी बसून बाजाराला निघालेली तिची जाऊ तो हरते. दोघी एकाच रुग्णालयात, एकाच खोलीत पडलेल्या असतात. कायद्याची ही विभागणी तर्काने समजते, पण पटत नाही.

परवान्याचा घोळ असेल, म्हणजे चालकाचा परवाना मुदतबाह्य वा खोटा निघाला, तर मात्र न्यायालयांनी निराळी वाट धरली. २००४ च्या स्वर्ण सिंह निवाड्यापासून ती रूढ झाली: कंपनीने प्रथम जखमी माणसाला पैसे द्यावेत आणि मागाहून ते मालकाकडून वसूल करावेत. या तत्त्वाकडे आपण लक्ष ठेवावे, कारण माझ्या सूचनेचा आधार तोच आहे.

आणि आता या सगळ्या व्यवस्थेतील सर्वांत विलक्षण विसंगती. धडक देऊन पळून गेलेल्या अज्ञात गाडीच्या बळींसाठी १९८२ मध्ये सरकारी सांत्वननिधी निघाला. मृत्यूस पाच हजार आणि गंभीर इजेस एक हजार रुपये. ती रक्कम वाढत वाढत १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूस दोन लाख व गंभीर इजेस पन्नास हजार झाली आहे. पण हा निधी गाडीचा पत्ता लागला नाही तरच. पत्ता लागला, नंबर एमएच-०८ ने सुरू होणारा निघाला, मालक शेजारच्याच वाडीतला निघाला, आणि त्याचा विमा नाही असे ठरले, तर या योजनेतून एक पैसाही नाही. मारणारा अनोळखी असेल तर सरकार दोन लाख देते, ओळखीचा असेल तर हुकूमनामा देते.

सरकारने स्वतःच्या गाड्यांपुरता प्रश्न केव्हाच सोडविला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे. सरकारी वाहने आणि राज्यांची परिवहन मंडळे यांना स्वतंत्र निधी उभारण्याच्या अटीवर सक्तीच्या विम्यातून सूट मिळू शकते. आपल्या एस.टी.ने तर २०१६ पासून तिकिटामागे एक रुपया घेऊन अपघात सहाय्यता निधी उभा केला, ज्यातून प्रवाशाच्या मृत्यूबद्दल वारसांना दहा लाखांपर्यंत मदत मिळते. लांज्याहून रत्नागिरीला येणाऱ्या उतारूला तो रुपया जड जात नाही. सामाईक निधी या देशात चालणार नाही असे म्हणणाऱ्याने एस.टी.च्या तिकिटाकडे पाहावे.

अमेरिकेने तिसरा मार्ग धरला. १९५७ मध्ये न्यू हॅम्पशायर या छोट्या राज्याने कायदा केला की विमा नसलेल्या चालकाने केलेल्या इजेसाठीचे संरक्षण विमा कंपनीने आपल्याच गिऱ्हाइकाच्या पॉलिसीत द्यावे; आणि गंमत अशी की त्या राज्यात मोटारीचा विमा सरसकट सक्तीचा आजही नाही. दुसऱ्याने छत्री आणली नाही तरी आपण भिजू नये म्हणून आपणच मोठी छत्री न्यावी, असा हा विचार. ज्यांची मुले न्यू जर्सीत आहेत त्यांना हा विषय परका नसेल; तेथे एका जखमी व्यक्तीमागे सक्तीच्या विम्याची किमान मर्यादा २०२३ पर्यंत १५,००० डॉलर होती, ती तेव्हा २५,००० आणि २०२६ पासून ३५,००० झाली; तेथील रुग्णालयाचे बिल हा आकडा काही दिवसांत ओलांडते, आणि उरलेले अंतर भरून काढण्यासाठी शहाणा माणूस स्वतःच्या पॉलिसीत अपुऱ्या विम्याविरुद्धचे कलम वाढवून घेतो.

आपल्या येथे याच्या जवळपास जाणारी वस्तू एकच, गाडी चालविणाऱ्या मालकाचा व्यक्तिगत अपघात विमा. अपघातात चूक स्वतःची असेल, किंवा समोरचा नादार असेल, तरी तो मिळतो. पूर्वी दुचाकीस एक लाख आणि मोटारीस दोन लाख असलेली त्याची रक्कम २०१८ मध्ये पंधरा लाख करण्यात आली. ज्याच्याकडे गाडी आहे त्याने तो घ्यावा, आणि मागे बसणाऱ्यांसाठीही जास्तीचे कलम मागून घ्यावे, हे मी आग्रहाने सांगेन. पण त्याची व्याप्ती ओळखून असावे. तो मृत्यू, अवयवहानी आणि कायमचे पूर्ण अपंगत्व यांपुरता आहे. मोडलेल्या मांडीच्या हाडाचे आणि चार महिने बुडालेल्या मजुरीचे पैसे तो देत नाही. आणि तो मालकाचा आहे. मित्राची गाडी मागून नेणाऱ्याचा नाही. गणपतीला मुंबईहून आलेला चाकरमानी भावाची मोटारसायकल घेऊन बाजारात जातो, ती वहिवाट या कलमाला ठाऊक नाही.

अमेरिकन मार्गाविषयी माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. तो मार्ग गाडीवाल्याला गाडीवाल्यापासून वाचवितो. मांडवीच्या रस्त्याने संध्याकाळी पायी फिरणाऱ्या म्हाताऱ्याजवळ, शाळेतून सुटलेल्या मुलीजवळ, डोक्यावर पाटी घेतलेल्या कोळणीजवळ कोणती पॉलिसी आहे, की जिच्यात हे कलम जोडावे? ज्याने जोखीम निर्माण केली नाही त्यानेच तिचा हप्ता भरावा, ही मागणी पादचाऱ्याकडे करता येत नाही.

म्हणून पुन्हा १ जुलै १९४६ च्या त्या दुसऱ्या अर्ध्याकडे, म्हणजे आधी फेडून मग वसूल करणाऱ्या सामाईक मंडळाकडे, यावे लागते. त्याचे साहित्य आता आपल्या कायद्यातही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १६४-ब खाली मोटार वाहन अपघात निधी निर्माण केला आहे, आणि विमा असलेल्या गाड्यांसाठी एक व विमा नसलेल्या वा पळून गेलेल्या गाड्यांसाठी दुसरे, अशी त्याची खातीही पाडली आहेत. ५ मे २०२५ रोजी निघालेल्या योजनेप्रमाणे अपघातग्रस्तावर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचा उपचार रोकड न मागता व्हावयाचा आहे, आणि तेथे धडक देणाऱ्या गाडीचा विमा होता की नव्हता हा प्रश्न जखमी माणसाला अडवीत नाही. सात दिवस जो प्रश्न कायदा विचारीत नाही तो आठव्या दिवशी का विचारतो, याचे समाधानकारक उत्तर मला आढळलेले नाही.

म्हणून माझी सूचना अशी की विमा नसलेल्या गाड्यांविरुद्धचे न फेडलेले निवाडे या निधीने फेडावेत. यावरचा आक्षेप ठरलेला आहे: निधीच जर निवाडे फेडू लागला तर विमा उतरवील कोण? याला उत्तर असे की मालकाची सुटका होतच नाही. स्वर्ण सिंह निवाड्यात कंपनीने जे करावयाचे तेच निधीने करावे, आधी द्यावे आणि मग वसूल करावे. आज त्या सामाईक सातबाऱ्याच्या मागे एकटी विधवा लागते. न्यायालयातून जिल्हाधिकारी कचेरीत, तेथून तहसीलदाराकडे, तेथून तलाठ्याकडे, आणि प्रत्येक ठिकाणी तिची एक दिवसाची मजुरी बुडते. उद्या त्याच सातबाऱ्याच्या मागे निधी लागला तर त्याच्यापाशी वकील आहेत, सरकारी यंत्रणा आहे, वीस वर्षे थांबण्याची ऐपत आहे, आणि गाडीमालकाच्या पुढच्या गाडीची नोंदणी वसुलीशी बांधून घालण्याचे सामर्थ्यही त्याला देता येईल. अपिलाची पायरी आली तर ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरीचे अपील मुंबईऐवजी उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील पीठापुढे जाते. आंबा घाट चढून-उतरून तेथील तारखा सांभाळणे हेही निधीला झेपेल, त्या विधवेला झेपत नाही.

यासाठी संसदेपुढे नवे विधेयक आणावे लागेल अशी समजूत आहे, ती मला बरोबर वाटत नाही. कलम १६४-ब च्या तिसऱ्या पोटकलमात निधीचा विनियोग सांगताना उपचार आणि पळून गेलेल्या गाडीचे बळी यांच्यानंतर शेवटी एक चौथी बाब घातलेली आहे: केंद्र सरकार नियमाने ठरवील अशा अन्य व्यक्तींना नुकसानभरपाई. विमा नसलेल्या गाडीविरुद्ध ज्यांचा निवाडा मुदतीत फेडला गेला नाही, त्यांचा समावेश त्या अन्य व्यक्तींत करण्यास एक अधिसूचना पुरेल.